गोधडीतली ताबिथा

बॉस्टन
१४ जानेवारी १९५७

प्रिय मर्सी,

नाताळचा केक पोचला. तू तो ब्रँडीशिवाय करतेस हे देवाला आवडत असेल, माझ्या दाढांना नाही. चहात बुडवून बुडवून अर्धा संपवला आहे.

आता कामाचं. आपल्या खापरपणजोबांच्या, म्हणजे एबेनेझर लॅथ्रॉप यांच्या कागदपत्रांचा तिसरा खंड माझ्या टेबलावर तयार होऊन पडला आहे. ते कोपनहेगनच्या दरबारात आपल्या देशाचे राजदूत होते ती वर्षं, १८११ ते १८१४. पहिल्या मेला छपाईला सुरुवात. आमच्या मंडळाचा नियम असा की, प्रस्तावनेत 'वंशजांकडे चौकशी केली' असं एक वाक्य असलंच पाहिजे. तेव्हा ही चौकशी. माळ्यावर एखादी चिठ्ठीचपाटी आहे का? नाही असंच उत्तर येणार हे मला ठाऊक आहे. एका ओळीचं कार्ड पुरे.

जाता जाता एक गंमत. त्या तीन वर्षांत खापरपणजोबांनी बायकोला, ताबिथाला, एकसष्ट पत्रं धाडली. पत्रागणिक विनवणी: 'तुझं पत्र नाही, चार ओळी तरी लिही.' तिचं एकही उत्तर मिळत नाही. शिंप्याची चिठ्ठीसुद्धा जपून ठेवणारा माणूस तो, आलेलं पत्र फेकेल कसा? म्हणून मी सभ्य भाषेत तळटीप दिली आहे: 'ताबिथा लॅथ्रॉप यांना पत्रलेखनाची आवड नव्हती.' खरं सांगू? मला त्या माणसाची दया येते.

तुझा,
थिओ


वेस्ट ऑल्फर्ड, न्यू हॅम्पशायर
२३ जानेवारी १९५७

प्रिय थिओ,

एका ओळीचं कार्ड पुरे म्हणालास, पण कोऱ्या जागेसकट कार्ड टाकणं माझ्या जिवावर येतं. म्हणून हा कागद. मागच्या बाजूला चर्चमधल्या सामुदायिक जेवणाचं निमंत्रण आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस. तू येणार नाहीसच.

माळ्यावर सफरचंदं आहेत, वाळवलेला भोपळा आहे, आणि एका कोपऱ्यात तुझी लहानपणची घसरगाडी. कागद नाही. आत्यालाही विचारलं. कझायाआत्या येत्या मार्चमध्ये एक्याण्णवची होईल, पण या घरातली कुठली वस्तू कुठे आहे ते तिला डोळे मिटून सांगता येतं. ती म्हणाली, "आमच्या आजोबांनी एबेनेझरचा एकूण एक कागद पेटीत घालून बॉस्टनच्या त्या शहाण्यांना दिला. आता आणखी काय पाहिजे त्याला, माझे दात?"

तुझी तळटीप मात्र माझ्या घशाखाली उतरली नाही. नवरा समुद्रापलीकडे, पदरात पाच मुलं, विहीर गोठलेली, आणि तिनं पत्र लिहिलं नाही याचं तुला नवल वाटतं. पाचही मुलं जगली याचं वाटत नाही. आणि ज्याचं पत्र सापडत नाही त्यानं ते लिहिलंच नाही, हे कोणत्या कॉलेजात शिकवतात रे? गेल्या ऑगस्टमध्ये मी तुला तीन पत्रं घातली. बघ तुझ्या टेबलावर त्यातलं एक तरी सापडतंय का.

ती टीप काढून टाक. मेलेल्या बाईला उलट बोलता येत नाही. तिच्याविषयी छापताना आपणच जपून असावं.

मर्सी


बॉस्टन
६ फेब्रुवारी १९५७

प्रिय मर्सी,

तुझ्या तीन पत्रांपैकी दोन सापडली. एक पुस्तकात खूण म्हणून होतं.

टीप काढता येणार नाही. आम्ही भावनांवर चालत नाही, कागदावर चालतो. कागद दाखव, टीप बदलतो. हा माझा शब्द.

आणि तू सारखी बाईची बाजू घेतेस, तर थोडं त्या माणसाचंही ऐक. डेन्मार्कच्या लोकांनी आपली व्यापारी जहाजं पकडून ठेवली होती. १८१२ च्या शरद ऋतूत खापरपणजोबा त्यांच्या मंत्र्यापुढे उभे राहिले आणि छत्तीस जहाजांची हकीकत त्यांनी सांगितली. प्रत्येकाचा कप्तान कोण, निघालं कुठून, माल काय, खलाशी किती, कोण आजारी. तेही हातात कागद न घेता! पुढे तेच लिहून दिलं, आणि त्या निवेदनावर माणसं सुटली. ही माहिती त्यांना कुठून मिळाली हे आजवर कोणालाच कळलेलं नाही. मी टीप दिली आहे: 'अलौकिक स्मरणशक्ती.' असा माणूस चार ओळींसाठी बायकोची मनधरणी करतो! कोणाचाही जीव तुटेल.

थिओ


वेस्ट ऑल्फर्ड
४ मार्च १९५७

प्रिय थिओ,

खुर्चीत नीट बैस. चहाचा कप लांब ठेव.

आत्याला सर्दी झाली म्हणून तिला स्वयंपाकघराशेजारच्या उबदार खोलीत हलवलं. तिच्या पलंगावरचं जुनं पांघरूण तुला आठवत असेल, षटकोनी तुकड्यांच्या फुलांचं, तिच्या आजीनं, सबमिटनं शिवलेलं. अस्तर लावायच्या आधीच सबमिट वारली, म्हणून ती गोधडी तशीच अर्धी राहिली. लहानपणी तू तिच्याखाली लपायचास आणि कागदाच्या सळसळण्यानं सापडायचास.

तर ती मी उन्हात घालायला उलटी केली. पाठीमागे प्रत्येक ठिगळात कागद आहे, हे मला ठाऊक होतंच. आम्ही सगळ्याच असं शिवतो. जाड कागदाचा षटकोन कापायचा, त्यावर कापड दुमडून धावदोरा घालायचा, म्हणजे कोपरे धारदार येतात. गोधडी पुरी झाली की कागद काढून टाकायचे. इथे ती पुरीच झाली नाही. आजवर कोणी त्या कागदांकडे पाहिलं नाही, कारण कागद तो कागद.

या वेळी ऊन तिरपं होतं आणि मला 'कोपनहेगन' दिसलं.

मी गुडघ्यांवर बसले, ते दुपारची प्रार्थना चुकली तरी उठले नाही. देव क्षमा करो. बाईचं अक्षर आहे, बारीक आणि सरळ. कडा कापडाखाली दुमडल्यात, त्यामुळे मधलं तेवढंच वाचता येतं. एका तुकड्यावर: 'हॅना जहाज, कप्तान पाइक, खारी मासळी, माणसे नऊ, पैकी एकास ताप.' दुसऱ्यावर: 'रविवारी प्रार्थना झाली की मी पायऱ्यांवर उभी राहते. ज्यांचे धनी तिकडे अडकले त्या बाया एकेक करून सांगतात.' आणि आणखी एका तुकड्यावर, थिओ, हे लक्ष देऊन वाच: 'मी लिहीतच आहे. तुम्हांस पत्रे उशिरा पोचतात हा समुद्राचा दोष, माझा नव्हे.'

आत्याला विचारलं, हे इथे कसं आलं?

"आजोबांनी पेटी भरली तेव्हा आपल्या वडिलांची पत्रं वेगळी काढली, ती देशाची म्हणून," आत्या म्हणाली. "आईची पत्रं आजीकडे दिली. चांगला जाड कागद होता. वाया कशाला घालवायचा?"

मी तरी तिच्या जागी काय केलं असतं? मीसुद्धा शिवणातच वापरला असता. हे कबूल करताना मला लाज वाटते.

आता तुझा शब्द.

मर्सी


बॉस्टन
८ मार्च १९५७

प्रिय मर्सी,

गोधडी ताबडतोब पलंगावरून काढ. कोणालाही पांघरू देऊ नकोस. वाफेवर धरून टाके सैल कर, प्रत्येक तुकड्याला नंबर दे आणि सगळं रजिस्टर पोस्टानं धाड. अर्धवट तुकडे मंडळ घेणार नाही. तारीख हवी, सही हवी, आणि कोणता तुकडा कोणत्या पत्राचा हे सिद्ध व्हायला हवं. पहिल्या मेला सात आठवडे उरले आहेत.

शब्द मी पाळीन. फक्त घाई कर.

थिओ


वेस्ट ऑल्फर्ड
१५ मार्च १९५७

प्रिय थिओ,

तुझं पत्र आत्याला वाचून दाखवलं. जे झालं ते जसंच्या तसं लिहिते, कारण "अस्संच लिही" असा तिचा हुकूम आहे.

"आत्या, थिओ गोधडी मागतोय."

"लग्न करतोय?"

"नाही. छापायचीय त्याला."

"गोधडी छापतात?"

"तिच्यातले कागद. उसवून पाठवा म्हणतो."

"बावन्न वर्षांत त्याला एक बाई सापडली नाही, आणि आता माझ्या पांघरुणात शोधतोय?"

मी म्हटलं, आत्या, ताबिथाचं नाव पुस्तकात वाईट छापलं जाणार आहे. ती म्हणाली, "माझी आई या गोधडीखाली नवरी होऊन निजली. मीही निजले असते, माझं ज्याच्याशी ठरलं होतं तो माणूस परत आला असता तर. ही मी कापून पोस्टात घालणार नाही. ज्याला वाचायची असेल त्यानं इथे येऊन वाचावी. आणि चष्मा पुसून यावं."

तेव्हा ईस्टरला ये. येताना लोकरी मोजे आण, कारण पाहुण्यांच्या खोलीत शेकोटी पेटवायची नाही असं मी आधीच ठरवलंय.

मर्सी


बॉस्टन
२५ एप्रिल १९५७

प्रिय मर्सी,

पाठ अजून दुखते आहे. मी हार्वर्डचा पदवीधर, तीन खंडांचा संपादक. चार दिवस तुझ्या स्वयंपाकघराच्या फरशीवर उताणा पडलो होतो. वर चौकटीला ताणलेली गोधडी, भोवती तुझ्या चर्चच्या सहा बाया, आणि माझ्या हातात विजेरी. एकदा कोणीतरी माझ्या पोटावर पाय दिला. कोण ते मी विचारत नाही.

मी खालून वाचत होतो आणि तुकड्यांचा क्रम लागत नव्हता. तेव्हा त्या मिसेस टटल वरून म्हणाल्या, "अहो प्रोफेसर, असं उड्या मारत काय वाचता? एका फुलात रहा की!" मला कळेना. मग त्यांनीच समजावलं. एका कागदातून सात षटकोन निघतात, ते बाई एका दोऱ्यात ओवून ठेवते, आणि त्या सातांचंच एक फूल शिवते. मध्ये एक, भोवती सहा. म्हणजे एक फूल हे एक पत्र! पंचवीस वर्षं मी जुने कागद जुळवतो आहे, आणि हे मला एका शिवणाऱ्या बाईनं दोन वाक्यांत शिकवलं. वर त्या म्हणाल्या, "एवढंही शिकवत नाहीत का हो तिकडे?"

मर्सी, फुलं चौसष्ट आहेत. तिनं त्याच्यापेक्षा तीन पत्रं जास्त लिहिली.

आणि छत्तीस जहाजं त्यातच आहेत. बरीचशी मधल्या फुलात, उरलेली आसपासच्या दोन फुलांत. चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहून तिनं ती एकेक करून जमवली होती. अलौकिक स्मरणशक्ती म्हणे! माणसानं बायकोचं पत्र पाठ केलं होतं, इतकंच. तेही वाईट नाही म्हणा, पण मी त्यावर अडीच पानं लिहिली होती.

छपाई मी थांबवली आहे. मंडळाचे अध्यक्ष माझ्याशी बोलताना आता खिडकीबाहेर पाहतात. त्यांना मी सप्टेंबरपर्यंत वेळ मागितला आहे, पण तारखा आणि सह्या शिवणीखाली आहेत. त्या मिळाल्या नाहीत तर जुनी टीप तशीच छापली जाईल. ते म्हणतात, पांघरूण हा पुरावा होत नाही. आत्याला कसं सांगू? तिच्यासमोर मी पुन्हा आठ वर्षांचा होतो.

थिओ


वेस्ट ऑल्फर्ड
२ मे १९५७

प्रिय थिओ,

तू काही सांगायची गरज पडली नाही. तू गेल्यापासून आत्या रोज एक फूल माझ्याकडून वाचून घेत होती. काल ताबिथाचं ते पत्र वाचलं, धाकट्याला गोवर आल्याचं. तिनं लिहिलंय: 'तो आता बरा आहे. तुम्हांस आधी कळविले नाही, कारण तुमच्याने तिथून काय झाले असते?' आत्या म्हणाली, "ही बाई माझ्या अंगावर इतकी वर्षं पडून होती, आणि मी तिला एकदासुद्धा विचारलं नाही, काय ग, कशी आहेस."

आज सकाळी तिनं स्वतः कात्री घेतली. एका वेळी एकच फूल उसवते. कोणाला हात लावू देत नाही. पण अट घातली आहे: कागद काढला की तिथे दुसरा घालून लगेच शिवायचं. कोपरे ढिले पडलेले तिला चालणार नाहीत. माझ्याकडचा सगळा कागद पातळ आहे. तुझ्याकडे जाड, एका बाजूनं वाया गेलेला काही आहे का?

तारीख आहे, सही आहे. पहिल्या फुलाचे कागद सोबत.

मर्सी


बॉस्टन
९ मे १९५७

प्रिय मर्सी,

वाया गेलेला कागद? तिसऱ्या खंडाची सगळी प्रुफं वाया गेली आहेत. उद्या पार्सल निघतं. त्यांत खापरपणजोबांची एकसष्ट पत्रं आणि माझी प्रस्तावना आहे. प्रस्तावनेचा कागद जास्त जाड आहे, ती बाहेरच्या काठाला वापरा.

थिओ


वेस्ट ऑल्फर्ड
१७ मे १९५७

प्रिय थिओ,

पार्सल मिळालं. दोरा सोडवून गुंडाळून ठेवला, चांगला आहे. आत्याला मी विचारलं, या नव्या कागदांवर काय आहे वाचून दाखवू का? म्हणाली, "नको. त्याचं बोलणं सगळ्या देशानं ऐकलंय. आता थोडा वेळ ऊब देऊ दे."

सोबत अकरा फुलं.

मर्सी


बॉस्टन
१० जुलै १९५७

प्रिय मर्सी,

त्रेसष्ट फुलं आली, तारखा जुळल्या, सह्या जुळल्या. नव्या टिपेचं प्रूफ सोबत धाडतो. आत्याला दाखव. 'निवेदनातील माहिती ताबिथा लॅथ्रॉप यांनी जमविली होती. त्यांची चौसष्ट पत्रे उपलब्ध असून ती वाचनीय आहेत.' 'पत्रलेखनाची आवड नव्हती' आणि 'अलौकिक स्मरणशक्ती' ही दोन्ही वाक्यं मी स्वतः खोडली. यावर मंडळही राजी झालं आहे, फार खळखळ न करता.

आता फक्त मधलं फूल यायचं आहे, बहुतेक जहाजं ज्यात आहेत ते. त्याची तारीख निवेदनाच्या आधीची निघाली की कोणाला काही बोलायला जागा उरणार नाही. ते का थांबलं आहे? आत्याची तब्येत बरी आहे ना?

थिओ


वेस्ट ऑल्फर्ड
१६ जुलै १९५७

प्रिय थिओ,

आत्याची तब्येत तुझ्यामाझ्यापेक्षा बरी आहे. फूल तिनंच थांबवलं आहे.

प्रूफ तिला दिलं. तिनं भिंग मागितलं. भिंगानंही दिसेना, तेव्हा खिडकीशी गेली.

"हे काय मुंगीएवढं?"

"टीप आहे आत्या. टिपा बारीकच असतात. पानाच्या तळाशी."

"आणि हे वरचं मोठं कोणाचं?"

"एबेनेझरचं निवेदन."

"म्हणजे तिची जहाजं वर, त्याच्या नावानं, आणि ती खाली?"

मी म्हटलं, पुस्तकांची रीतच तशी असते. तिची बाकीची पत्रं वाचनीय आहेत, असंही थिओनं लिहिलंय.

"वाचनीय आहेत तर वाचायला दे म्हणावं," आत्या म्हणाली. "चौसष्ट फुलं मी उसवायची, आणि यानं ती दोन ओळींत गुंडाळायची? पुरे झाली ती टीप होऊन."

तुझी बाजू घेण्याचा मी प्रयत्न केला. मनापासून नाही केला, हे खरं.

मधलं फूल गोधडीतून सोडवून तिनं उशीखाली ठेवलंय, कागदावरच्या टाक्यांसकट. पुढचं तू ठरव. इथे टोमॅटो आलेत, पण ते पोस्टानं पाठवता येत नाहीत.

मर्सी


तार
बॉस्टन, १९ जुलै १९५७

ताबिथाची चौसष्ट पत्रं मजकुरात. त्याच्या पत्रांशेजारी. त्याच टायपात. तारखेप्रमाणे. छापखान्याला सांगितलं. मंडळाला सोमवारी सांगेन. थिओ


वेस्ट ऑल्फर्ड
२० जुलै १९५७

प्रिय थिओ,

हे एका ओळीचं कार्ड. तार दोनदा वाचून दाखवली, आत्यानं चष्मा पुसला आणि माझ्याकडे कात्री मागितली.

मर्सी